कोरडं थेट पाण्यापर्यंत

जमिनीच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये. हे मी घरात, दारात, बांधावर आणि एकदा तर साहेबांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. तेहतीस वर्षं कृषी सहायक म्हणून अमरावती आणि अकोला जिल्ह्यातली वावरं तुडवली. मातीचे नमुने किती घेतले त्याची गणती नाही. शेतात नागमोडी चालायचं, आठ-दहा ठिकाणी खड्डा घ्यायचा, सगळी माती घमेल्यात एकत्र करायची, चार भाग करून समोरासमोरचे दोन फेकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. झोपेतून उठवलं तरी करेन. तर अशा बाईनं अंदमानचे समुद्रकिनारे निवडायला घेतले आणि साफ तोंडावर पडली. लाज वाटते, पण सांगते.

हे सगळं पंचफुलासाठी चाललं होतं. पंचफुला माझी मोठी बहीण. आमच्याकडं मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, म्हणून मी तिला बाईच म्हणते. आमची माय गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि बाई सतरा. त्या दिवसापासून माझी माय तीच. अकोटजवळच्या आमच्या खेड्यात तिनं निंदण केलं, कापूस वेचला, मग बावीस वर्षं जिनिंगच्या धुळीत काढली आणि मला अकोल्याला शिकायला ठेवलं. मी भांडकुदळ आहे असं लोक म्हणतात, म्हणू द्या. बाईसमोर माझा आवाज चढत नाही.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात बाई वावरातून परत येत होती. धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पाय घसरला, चिखलात आडवी झाली, खुबा मोडला. आमची काळी जमीन ओली झाली की काय चीज होते ते ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. पाय आत ओढते, चप्पल ठेवून घेते आणि माणसाला पुढं ढकलून देते. बाई त्या चिखलात पाऊण तास पडून होती. अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, चोवीस दिवस खाटेवर. खाटेसमोरच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. निळं पाणी, पांढरी वाळू, वाकलेलं नारळाचं झाड. बाकीचे पेशंट छताकडं बघायचे, बाई चोवीस दिवस ते चित्र बघत राहिली. महिना संपला तशी सिस्टर पान उलटायला गेली, तर हिनं तिला थांबवलं. "राहू दे वं माय, मले तारखेचं काय काम हाये?"

घरी आली ती वॉकर घेऊन. घरातल्या घरात भिंतीच्या आधारानं चुलीपासून दारापर्यंत जायची, बाहेर मात्र वॉकर. आणि ओल्या जमिनीवर पाय टाकणं तिनं सोडूनच दिलं. पाऊस पडला की दोन दोन दिवस उंबऱ्याच्या आत. पण ते चित्र काही तिच्या डोक्यातून जाईना.

"भावने, मले त्या पान्यात उभं राहाचं हाये," तिनं एकदा सांगितलं.

"नेते ना बाई. रिटायर झाली की पहिलं तेच."

"पन आत्ताच सांगून ठेवतो. कोनी उचलून नेलं त मी येत नाई. सहा महिने मले लोकायनं उचललं. खाटेवरून उचललं, गाडीतून उचललं, मोरीतून उचललं. आता जिथं जाईन तिथं माह्या पायानं जाईन. नाई जमलं त नाई जमलं, वापस येईन."

हे तिचं बोलणं मी अगदी मनावर घेतलं. बाईचं बोलणं एकदाच असतं, दुसऱ्यांदा ती सांगत नाही.

मी मे महिन्यात निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, माझ्याबद्दल चार लोक खोटं खोटं चांगलं बोलले. दिवाळीनंतर अमरावतीच्या घरी जेवणाच्या टेबलावर बैठक बसली. माझा मुलगा अश्विन नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यात सुपरवायझर आहे, सून प्रतीक्षा शिकवणी वर्ग चालवते. दोघांनी फेब्रुवारीत आठ दिवसांची सुट्टी काढायचं ठरवलं होतं. अंदमान पक्कं होतं. कुठले किनारे, एवढंच ठरायचं होतं.

प्रतीक्षानं मोबाईलवर व्हिडिओ लावला, अंदमानचे दहा सर्वांत सुंदर बीच. एक पोरगा गॉगल लावून हातवारे करत होता.

"सुंदर ते ठीक आहे," मी म्हटलं. "रस्त्यापासून अंतर किती? उतार किती? दगड किती?"

"आई, तसं नाही सांगत ते व्हिडिओत."

"मग कोणत्या कामाचा तो व्हिडिओ?"

मी माझी वही काढली. रकाने आखले. पहिल्या रकान्यावर लाल पेनानं लिहिलं, 'कोरडं थेट पाण्यापर्यंत'. माझा हिशेब सरळ होता. बाईला पाण्यात उभं राहायचंय. बाई ओल्यातून चालणार नाही आणि चाललीच तर वॉकरचे चारही पाय रुतणार. कोरडी जमीन टणक असते, ओली जमीन रुतवते, हे लहान लेकराला कळतं. म्हणजे असा किनारा पाहिजे की जिथं कोरडी वाळू संपली की लगेच पाणी. मधे ओल्याचा पट्टाच नको. एक पाऊल कोरड्यात, दुसरं पाण्यात, झालं काम.

अश्विन कॉलेजात असताना मित्रांसोबत गोव्याला जाऊन आला होता. त्याला विचारलं, "तिकडं वाळूत कसं होतं रे? पाय रुतत होते का?"

तो बराच वेळ आठवत बसला. "चाललो तर होतो आई. पण नक्की कुठून चाललो ते काही आठवत नाही."

प्रतीक्षा खाली मान घालून हसली. गोव्याहून आलेल्या पोरांना काही आठवत नसतं हे मला तेव्हा कळलं.

मग मी माझा माणूस शोधला. परतवाड्याला माझ्यासोबत नोकरीला असलेल्या जयवंताबाईंचा मुलगा संघपाल, तो चार वर्षांपासून तिकडं पोर्ट ब्लेअरला सरकारी नोकरीत आहे. पोरगा गुणी. मी फोन करून त्याला कामाला लावलं. सुट्टीच्या दिवशी बोटीनं जायचं, एकेका किनाऱ्यावर नागमोडी फिरायचं, दहा ठिकाणी थांबायचं, उतार पाहायचा, दगड मोजायचे आणि मला कळवायचं.

"मावशी, इथून वाळू-शिंपले न्यायला बंदी आहे बरं," तो घाबरत म्हणाला.

"नमुना कोण मागून राहिलं तुले? नुसतं पाहून सांग."

तीन रविवार तो बिचारा फिरला. तिसऱ्या रविवारी त्यानं मला भरती-ओहोटी समजावून सांगितली. भरतीला पाणी वरपर्यंत चढतं आणि कोरड्या वाळूला भिडतं. सहा तासांनी ओहोटी, मग पाणी लांब मागं जातं आणि मधे ओली वाळू उघडी पडते.

"किती पडते उघडी?"

"राधानगरला तर फर्लांगभर म्हणा ना."

फर्लांगभर ओलं. "म्हणजे ऐन भरतीलाच गेलं पाहिजे."

"पण मावशी, लोक तर इथं फिरायला ओहोटीच्या वेळी..."

"लोकायचं मले नको सांगू. लोकायचे खुबे धड आहेत. तू भरतीच्या वेळा पाठव."

"आणि एक, कोरडी वाळू जराशी..."

"कोरडी आहे ना? बस. त्यात काय विचारायचं?"

त्यानं निमूट भरतीच्या वेळा पाठवल्या. मोठ्या माणसांशी वाद घालू नये असं जयवंताबाईंनी त्याला शिकवलं होतं. इतकं चांगलं वळण लावायला नको होतं, असं मला आता वाटतं.

वहीत मी शेरे लिहिले. आपली जमीन जशी लिहितो तसेच. एलिफंट बीच: बोटीतून उडी मारून उतरावं लागतं, बाद. लक्ष्मणपूर: दगडाळ, बरड, बाद. काला पत्थर: डांबरी रस्त्याला लागून, भरतीला कोरडं थेट पाण्यापर्यंत, पहिला नंबर. राधानगर: रुंद, देखणा, पण ओहोटीला धोका, फक्त भरतीच्या वेळी, दुसरा नंबर. प्रतीक्षानं वही वाचली आणि म्हणाली, "आई, तुम्ही समुद्राचा सातबारा काढून राहिल्या." मला ते आवडलं.

जानेवारीत अकोटला जाऊन बाईची तालीम घेतली. वावरातली कापसाची पऱ्हाटी निघाली होती, जमीन वाळून खणखणीत झाली होती. बाई वॉकर घेऊन उतरली आणि न थांबता चाळीस पावलं चालली. शेजारची मैनाबाई धुऱ्यावर उभी राहून बघत होती.

"कुठं चालली वं पंचफुला?"

"समुद्रावर."

"तिथलं पानी खारं राह्यते म्हन्तात."

"आपल्या विहिरीचं कोनतं गोड हाये?" बाई म्हणाली. आमचं गाव खारपाणपट्ट्यात, विहिरींचं पाणीही खारंच.

नागपूरहून विमान, मग चेन्नईला दुसरं, मग बोट. बाईनं विमानात खिडकीशी बसून सगळे ढग पाहिले आणि वरून कापूस दिसतो तसाच दिसतो म्हणाली. वॉकरची घडी तिनं कोणाला हात लावू दिली नाही. हॅवलॉक बेटावर, ज्याला आता स्वराज द्वीप म्हणतात, आम्ही तीन दिवसांसाठी खोल्या घेतल्या होत्या. पहिल्याच सकाळी, साडेनऊची भरती गाठून, आम्ही काला पत्थरला पोचलो.

किनारा माझ्या वहीतल्यासारखाच होता. डांबरी रस्ता, खाली दोन फुटांचा उतार, मग कोरडी पांढरी वाळू, पंधरा-वीस पावलं, आणि पुढं ते चित्रातलं पाणी. बाई रस्त्यावर उभी राहून नुसती बघत राहिली. निळा रंग इतका खरा असतो, असं तिला वाटलं नव्हतं. मग ती म्हणाली, "चला," आणि वॉकर वाळूत टेकवला.

वॉकरचे पुढचे दोन पाय अर्धे आत गेले.

तिनं ओढून काढला, पुढं टाकला. पुन्हा आत. पाऊल टाकलं तर पाऊल घोट्यापर्यंत गेलं, टाच एकीकडं आणि बोटं एकीकडं. कोरडी वाळू पायाखालून पळत होती. मला समजेचना काय चाललंय. कोरडं आहे, मग रुततंय कसं? मी दुसरी जागा दाखवली. तीच गत. चौथ्या पावलाला तिचा तोल गेला आणि अश्विननं पटकन तिला काखेतून धरलं.

"मोठीमाय, दहा पावलं राहिली. मी नेतो ना. कोण पाहून राहिलं इथं?"

बाईनं त्याच्याकडं फक्त पाहिलं. त्यानं हात सोडले.

ती वळली. चार पावलं आली होती, तीच चार पावलं परत जायला तिला दहा मिनिटं लागली. रस्त्यावर आल्यावर पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पाहून झालं. लय चांगलं हाये. चला आता." ती चिडली असती तर मला परवडलं असतं. तिनं चिडचिड केली नाही, हसून बोलली, आणि खोलीवर येऊन भिंतीकडं तोंड करून निजली. मी बाहेर पायरीवर बसून ती वही मांडीवर घेतली आणि तिच्यातली चार पानं टराटरा फाडली.

दुसऱ्या दिवशी बाई खोलीतून निघालीच नाही. म्हणजे निघाली, पण तिथल्या स्वयंपाकघरापर्यंत. तिथली बंगाली स्वयंपाकीण आणि बाई, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती आणि दोघींचं त्यावाचून काही अडत नव्हतं. अकोटहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या बाईनं स्टुलावर बसून अकरा भाकरी थापल्या. हॉटेलात उतरलेलं एक पंजाबी कुटुंब तीन भाकरी खाऊन गेलं. बाई खुशीत दिसत होती, पण पाण्याचं नाव काढलं की विषय बदलत होती. मला जेवण गेलं नाही.

तिसरा दिवस शेवटचा. राधानगरची भरती अकराला होती. मी दहालाच गाडी बोलावून ठेवली. बाई म्हणाली, "तुमी जा. मी अथीच बरी हाये." मी विनवलं, अश्विननं विनवलं. ती खाटेवरून हलेना. अकरा वाजले, बारा वाजले, भरती येऊन गेली. गाडीवाला दोनदा विचारून गेला. शेवटी तीन वाजता प्रतीक्षा तिच्याजवळ जाऊन बसली.

"मोठीमाय, सूर्य बुडताना पाहायचा फक्त. झाडाखाली बाकडी आहेत. बाकड्यावर बसायचं, बाकी काही नाही."

"वाळूत नेशीन?"

"नाही."

"मंग येतो."

राधानगरला पोचलो तेव्हा पावणेचार झाले होते. काठावर उंचच उंच झाडं, तिथले लोक त्यांना महुआ म्हणतात, आमच्या मेळघाटातला मोह तो हा नव्हे. झाडांखाली बाकडी. बाईला बाकड्यावर बसवलं आणि मी समोर पाहिलं. पाणी पार लांब गेलं होतं. झाडांपासून चाळीस-एक पावलं कोरडी वाळू आणि त्यापुढं ओलं, ओलं, नुसतं ओलं, चकचकीत. माझ्या वहीतला सगळ्यात वाईट नमुना माझ्यासमोर पसरला होता.

बाईजवळ बसायची हिंमत होईना म्हणून मी उठून खाली गेले. कोरड्या वाळूतून धापा टाकत ओल्याच्या काठाशी आले. पुढं काही माणसं क्रिकेट खेळत होती. ऐन ओल्यात. मी त्यांच्याकडं पाहत राहिले ते उगाच. मग एक टोला बसला, चेंडू ओल्या वाळूवर आपटला आणि छातीइतका उसळला. त्याच्यामागं एक गृहस्थ धावला. सहज शंभर किलोचा असेल. तो माझ्यासमोरून दाणदाण धावत गेला आणि त्याच्या पायाचा ठसा अर्धं बोटही खोल उमटला नाही.

मी चप्पल काढली. ओल्यावर टाच दाबली. काही नाही. जोर लावून दाबली. काही नाही. मग मी उडी मारली. एकोणसाठ वर्षांची बाई, लुगड्यासारखी घट्ट साडी नेसून, दोन्ही पायांनी उडी मारून राहिली आहे, खेळणारे थांबून बघायला लागले. बघा म्हटलं. मी आणखी दोन मारल्या.

मग मी तिथं उकिडवी बसले, मूठभर ओली वाळू घेतली आणि तेहतीस वर्षांच्या सवयीनं तिची गोळी वळायला गेले. वळेचना. भुरुभुरु सुटली. चिकण मातीचा कणही नव्हता तिच्यात. आमची जमीन फुगते, चिकटते, रुतवते ती चिकणीमुळं. इथं चिकणच नाही, तर पाणी काय करणार? पाणी इथं वाळूला धरून ठेवत होतं. पहिल्या वर्गातल्या पोरानं सांगावं असं उत्तर. संघपाल बिचारा फोनवर दोनदा सांगायला गेला होता आणि मी त्याला दोनदा गप्प बसवलं होतं. मी स्वतःला तिथल्या तिथं मोठ्यानं एक शिवी दिली. ती इथं लिहीत नाही.

धावत बाकड्याशी आले. "बाई, ओल्यात रुतत नाही. कोरड्यातच रुतते. सगळं उलटं आहे इथं. माझंच चुकलं."

बाईनं मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू उड्या काहून मारून राहिली होती?"

"तेच तर सांगते."

"ओलं हाये ते भावने. मी ओल्यात जात नाई." पाऊण तास चिखलात पडून राहिलेलं माणूस ते, तिला माझ्या चिकण मातीचं काय कौतुक? "आन् ओल्यापर्यंत तरी जाईन कशी? मधे हे कोरडं हाये ना."

हे मात्र खरं होतं. चाळीस पावलं. मी अश्विनकडं पाहिलं. "कोरडं आहे तर ओलं करू. बादल्या आण."

शहाळी विकणाऱ्या बाईकडून दोन बादल्या मिळाल्या. अश्विन पाण्यापर्यंत पळत गेला, भरून आणल्या आणि झाडाजवळच्या वाळूत एक बादली भसकन ओतली. पाणी एका जागी पडलं, हातभर खड्डा झाला. दुसरीही तशीच ओतली. दुसरा खड्डा. कारखान्यात सुपरवायझर आहे, पण घरात कधी बादलीला हात लावलेला नाही, ती चूक माझी.

"काय करून राहिला रे तू?" बाई बाकड्यावरून म्हणाली.

"रस्ता करतोय मोठीमाय."

"वहीर खंदून राहिला तू." तिनं प्रतीक्षाला हाक मारली. "तू टाक वं. सडा टाकतात तसा टाक."

प्रतीक्षानं हातानं पाणी उडवलं. बिचारी फ्लॅटमध्ये वाढलेली, तिनं सडा कॅलेंडरातच पाहिला असेल. अर्धं पाणी तिच्याच ड्रेसवर.

"असा टाकतात काय सडा? पंजा उघडा ठेव. मनगटातून फेक. अर्ध्या गोलात गेलं पायजे." बाई बाकड्यावर बसल्या बसल्या हात हलवून दाखवायला लागली. प्रतीक्षानं पुन्हा टाकला, पुन्हा फसला. बाई "हट" म्हणाली आणि वॉकर घेऊन उभी राहिली. "आन इकडं ती बादली."

सत्तर वर्षांच्या बाईनं त्यातली साठ वर्षं रोज पहाटे अंगणात सडा टाकलेला. एक हात वॉकरवर, दुसरा बादलीत. बादली प्रतीक्षानं धरलेली. बाईनं पाणी असं फेकलं की समोर दोन हात वाळू एकसारखी भिजली, कुठं खळगा नाही, कुठं सुकं नाही. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा, वाळू गच्च होईपर्यंत. मग तिनं त्यावर वॉकर टेकवला. टेकला. थोडा बसला, पण टेकला. एक पाऊल टाकलं. मग पुढचं पाणी.

अश्विन बादल्या आणत होता, मी आणत होते, ते क्रिकेटवाले शंभर किलो कुठूनशा आणखी दोन बादल्या मिळवून आपण होऊन पळत होते. बाईचं कोणाकडं लक्षच नव्हतं. सडा टाकायचा, पाऊल टाकायचं. मधे मधे आम्हाला झापायचं. "इतकं हळू आनतात काय? सूर्य बुडून जाईन." पाऊण तास लागला. चाळीस पावलांचं ते ओलं आंगण तिनं स्वतः शिंपलं आणि स्वतः चालली.

जिथं समुद्राचं ओलं सुरू होतं तिथं येऊन ती थांबली. आता पाण्याचं निमित्त नव्हतं, कोणाला झापायचं काम नव्हतं. समोर फक्त ओली जमीन. तिचे ओठ घट्ट मिटलेले मी पाहिले. पुष्कळ बोलावंसं वाटत होतं, तरी मी तोंड बंद ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदाच जमिनीबद्दल मी कोणाला काही सांगितलं नाही.

बाईनं वॉकर पुढं टाकला आणि त्याच्यावर सगळा भार दिला. मग हलवून पाहिला. मग पाय पुढं ठेवला, टाच दाबली, पुन्हा दाबली. खाली बघत उभी राहिली.

"हे त टनक हाये," ती म्हणाली.

"हो बाई."

"नुसतं आंगनच हाये हे." तिनं आणखी दहा पावलं टाकली, मग आणखी वीस, मग मी मोजायचं सोडून दिलं. वॉकर आपटत, मग नुसता टेकवत, मग नुसता धरून. पाणी जवळ आलं तशी ती थांबली, वॉकर उचलला आणि माझ्या हातात दिला. "धर हे. मले आता याची अडचन होऊन राहिली."

अश्विन पुढं सरकला. मी त्याचा शर्ट मागून धरला.

बाई एकटी चालत गेली. घरात चुलीकडून दाराकडं जाते तशी, जरा डावीकडं झुकून, पण इथं भिंत नव्हती. पहिली लाट तिच्या पायांवरून गेली तेव्हा ती थबकली, हात पसरले, डोलली. मी वॉकर टाकून धावणारच होते. पण ती सावरली. लाट परत गेली, पुन्हा आली, घोट्याच्या वर, पोटऱ्यांपर्यंत. लुगडं भिजलं. बाई खाली वाकली, ओंजळभर पाणी घेतलं आणि ज्या पायाचा खुबा मोडला होता त्या पायावर सावकाश सोडलं. सूर्य बुडत होता, पण तिकडं ती बघतच नव्हती. ती आपल्या पायांकडं बघत होती.

मला रडू फुटलं. वॉकर छातीशी धरून मी तिथं उभी राहून ढसाढसा रडले, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

बाईनं मागं वळून पाहिलं. तिनं हात पुढं केला.

"तिथं काहून उभी हायेस वं भावने? ये ना. काई होत नाई," ती म्हणाली. "मी धरतो तुले."

मी वॉकर अश्विनकडं दिला आणि तिच्याकडं चालायला लागले.